मेल सर्व्हर चालू दिसतो, पण मेल अडकतात: स्वयंचलित देखरेख नेमकी कशावर ठेवावी?

प्रश्न: कृष्णाकाठ

नमस्कार.

एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आणि माझ्या एका सहकाऱ्याकडे आहे. डेबियन लिनक्सवर मेल पाठवण्या-स्वीकारण्यासाठी पोस्टफिक्स, मेलबॉक्ससाठी डव्हकॉट, स्पॅम गाळण्यासाठी आरस्पॅमडी आणि व्हायरस तपासण्यासाठी क्लॅमएव्ही अशी नेहमीची मांडणी असून शिक्षक, कार्यालय आणि विद्यार्थी मिळून सहाशेच्या आसपास मेलबॉक्स आहेत. देखरेखीसाठी झॅबिक्स बसवलेले आहे. ते सीपीयू, मेमरी, डिस्कवरील मोकळी जागा आणि २५, ५८७ व ९९३ ही पोर्ट उघडी आहेत की नाहीत एवढेच पाहते.

अडचण अशी की, प्रवेशाच्या दिवसांत एके दुपारी झॅबिक्सच्या पडद्यावर सगळे हिरवे असताना बाहेर जाणारे मेल तीन-चार तास उशिराने पोहोचत होते आणि ही गोष्ट आम्हाला पालकांच्या फोनवरून समजली. कागदपत्रे सादर करण्याची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती, त्यामुळे काही कुटुंबांना नाहक त्रास झाला. असे पुन्हा होऊ नये, निदान झाले तर आम्हाला सर्वांत आधी कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मेल सर्व्हरच्या कामगिरीसाठी नेमके कोणते आकडे मोजावेत, त्यांची मर्यादा कशी ठरवावी, आणि त्यासाठी प्रोमिथियस व ग्राफाना ही देखरेखीची दुसरी साधने नव्याने उभी करावीत की झॅबिक्सच पुरेल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. आम्ही दोघेच आहोत, त्यामुळे रात्रंदिवस अलर्ट वाजत राहतील अशी व्यवस्था आम्हाला झेपणार नाही.

प्रतिसाद: घाटमाथा

आपल्या झॅबिक्सने त्या दुपारी खोटे काही सांगितले नव्हते. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याने बरोबरच दिली, पण मेल पोहोचतो आहे का, हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नव्हता. पोर्ट उघडे असणे ही फार कमकुवत खूण आहे. पोस्टफिक्समध्ये एका सेवेच्या एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची मूळ मर्यादा १०० आहे. त्या शंभरही प्रोसेस गुंतलेल्या असल्या तरी नवे कनेक्शन ऑपरेटिंग सिस्टीम स्वीकारतेच, फक्त पलीकडून २२० हा स्वागताचा कोड येत नाही. नुसते कनेक्शन जुळते का एवढे पाहणाऱ्या तपासणीला यातला फरक कळत नाही. म्हणून पहिली दुरुस्ती हीच करा की, तपासणीने २२० ची वाट पाहावी, एहलो (स्वतःची ओळख देणारी आज्ञा) पाठवावे, स्टार्टटीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी आज्ञा) पूर्ण करावे आणि या साऱ्याला किती सेकंद लागले ते नोंदवावे.

यानंतर रांगेकडे वळा. पोस्टफिक्सची रांग म्हणजे एकच ढीग नव्हे. नुकताच आलेला मेल इनकमिंगमध्ये असतो, पाठवणी सुरू असलेला ॲक्टिव्हमध्ये, आणि एकदा प्रयत्न फसलेला डिफर्डमध्ये. बहुतेक ठिकाणी रांगेतील एकूण मेलची संख्या मोजून त्यावर अलर्ट लावतात, पण माझ्या मते त्या संख्येला फारसा अर्थ नाही. संस्थेने एकाच वेळी दोन हजार पालकांना पत्र पाठवले की ॲक्टिव्ह रांग काही मिनिटे फुगणारच, आणि ते निकोप सर्व्हरचेच लक्षण आहे. उलट डिफर्डमध्ये चाळीसच मेल असतील, पण त्यांतला सर्वांत जुना मेल दोन तासांचा असेल आणि ते सगळे एकाच डोमेनकडे निघालेले असतील, तर काहीतरी बिघडले आहे. तेव्हा संख्येऐवजी वय मोजा. पोस्टफिक्सच्या ३.१ आवृत्तीपासून 'पोस्टक्यू -जे' ही आज्ञा रांगेतल्या प्रत्येक मेलची माहिती स्क्रिप्टला सहज वाचता येणाऱ्या जेसन स्वरूपात देते. त्यात मेल केव्हा आला, कोणत्या रांगेत आहे, कुणाकडे जायचा आहे आणि अडकला असल्यास कारण काय, हे सारे असते. मूळ मांडणीत त्यासाठी रूटचे अधिकारही लागत नाहीत, त्यामुळे झॅबिक्सच्या एजंटमध्ये एक युजरपॅरामीटर (स्वतःची मोजणी जोडणारी ओळ) लिहून सर्वांत जुन्या मेलचे वय आणि सर्वाधिक अडकलेल्या डोमेनमधील मेलची संख्या, असे दोन आकडे दर मिनिटाला सहज काढता येतात.

हाताने पाहायचे असेल तेव्हा 'क्यूशेप डिफर्ड' चालवा. ५, १०, २०, ४० मिनिटे असे दुपटीने वाढत १२८० मिनिटांपर्यंत जाणारे रकाने आणि समोर एकेक डोमेन, असा तो तक्ता असतो. आपल्याकडे नवे मेल डाव्या रकान्यांत साचत आहेत की जुने उजवीकडे सरकत चालले आहेत, हे एका नजरेत दिसते.

तिसरी आणि मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आपल्या लॉगमध्ये आधीपासूनच पडून आहे. पाठवणीच्या प्रत्येक ओळीत पोस्टफिक्स एकूण विलंब आणि त्याचे चार भाग लिहून ठेवतो. उदाहरणार्थ:

डिले=४३, डिलेज=०.४/०.०१/४१/१.६, स्टेटस=सेंट

पहिला आकडा म्हणजे मेल आल्यापासून ॲक्टिव्ह रांगेत शिरेपर्यंतचा वेळ, दुसरा म्हणजे तिथून कनेक्शन जोडायला घेईपर्यंतचा, तिसरा कनेक्शन जुळवण्याचा, ज्यात डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), एहलो आणि टीएलएस येतात, आणि चौथा प्रत्यक्ष मजकूर पाठवण्याचा. वरच्या ओळीत ४३ सेकंदांपैकी ४१ सेकंद कनेक्शन जुळवण्यात गेले, म्हणजे आपली डिस्क किंवा सीपीयू तपासण्यात वेळ घालवण्याआधी डीएनएस रिझॉल्व्हर आणि पलीकडचा सर्व्हर पाहायला हवा. प्रथमच पाठवल्या जाणाऱ्या मेलमध्ये पहिला आकडा मोठा असेल, तर आरस्पॅमडी किंवा क्लॅमएव्ही मंदावले असण्याची शक्यता मोठी, कारण मिल्टरमार्फत (मेल स्वीकारतानाच बाहेरच्या प्रोग्रामला दाखवण्याच्या सोयीमार्फत) होणारी तपासणी या टप्प्यात मोडते. मात्र आधी डिफर्डमध्ये राहून आलेल्या मेलचा तिथला मुक्कामही याच आकड्यात मिळवला जातो, म्हणून दोन्ही प्रकारच्या ओळी वेगळ्या काढूनच सरासरी घ्यावी. दुसरा आकडा वाढला तर पाठवणाऱ्या प्रोसेस किंवा त्या डोमेनसाठीची एकाच वेळी चालणाऱ्या जोडण्यांची मर्यादा अपुरी पडते आहे. आणि डव्हकॉटकडे एलएमटीपीने (मेलबॉक्सपर्यंत मेल पोहोचवण्याच्या पद्धतीने) जाणाऱ्या मेलचा चौथा आकडा वाढला, तर मेलबॉक्स ज्या डिस्कवर आहेत ती डिस्क तपासावी. हे चार आकडे आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या मेलसाठी वेगवेगळे काढून त्यांचा ९५ वा शतमक (ज्याच्या आत ९५ टक्के नोंदी बसतात तो आकडा) आलेखावर ठेवला, तर त्या दुपारसारखा प्रसंग कुठून सुरू झाला हे शोधायला तासभर लागणार नाही.

शेवटी खरी फेरी. बाहेरच्या, वेगळ्या कंपनीकडे असलेल्या एका छोट्या सर्व्हरवरून स्वॅक्स या चाचणीचे मेल पाठवणाऱ्या साधनाने दर पाच मिनिटांनी आपल्या एका खास मेलबॉक्सकडे पाठवणीची वेळ विषयात घातलेला मेल पाठवायचा, आयमॅपने तो उचलायचा, फरक काढायचा आणि मेल पुसून टाकायचा. उलट दिशेने आपल्या सर्व्हरवरून बाहेरच्या एखाद्या मोठ्या सेवेतील मेलबॉक्सकडे असेच करायचे, मात्र दर पंधरा मिनिटांनी, कारण तिथे एकसारखे मेल सतत टाकत राहणे बरे नाही. स्वॅक्स स्वतः रांग ठेवत नाही, त्यामुळे ग्रेलिस्टिंगचे (अनोळखी सर्व्हरचा मेल पहिल्यांदा परतवण्याच्या पद्धतीचे) तात्पुरते नकार त्याला लगेच अपयश म्हणून दिसतील, म्हणून तपासणीच्या सर्व्हरला ग्रेलिस्टिंगमधून सूट द्यावी. दोन्ही यंत्रांची घड्याळे एनटीपीने जुळलेली असणे इथे अनिवार्य आहे. तसेही सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या, एनटीपी सर्व्हरशी घड्याळ जुळवणे आणि १८० दिवसांचे लॉग जपणे अपेक्षित आहेच.

साधन बदलण्याची गरज मला दिसत नाही. वरील सर्व आकडे झॅबिक्समध्ये बसतात, आणि दोन माणसांनी हाताखालचे साधन सोडून नवे शिकण्यापेक्षा त्याच साधनाला योग्य प्रश्न विचारणे अधिक हिताचे आहे.

प्रतिसाद: निशिगंध

घाटमाथा यांनी सांगितलेल्या क्रमाशी मी सहमत आहे, पण सर्व्हरच्या अंतर्गत आकड्यांना दुय्यम मानणे मला पटत नाही. मेलची फेरी उशिरा झाली हे कळेपर्यंत वापरणाऱ्यांचा वेळ गेलेला असतो. काही बिघाड असे आहेत की ते बऱ्याच आधी दिसू शकतात, फक्त ते नेहमीच्या सीपीयू-मेमरीच्या आलेखात नसतात.

त्यातला पहिला म्हणजे आयनोड, अर्थात प्रत्येक फाइलसाठी फाइल सिस्टीममध्ये लागणारी नोंद. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही एक स्वतंत्र फाइल असते, आणि पोस्टफिक्सच्या रांगेतही तसेच. त्यामुळे एक्सट फोरसारख्या फाइल सिस्टीमवर डिस्कमध्ये जागा असूनही आयनोड संपू शकतात आणि मोकळ्या जागेचा आलेख शेवटपर्यंत निश्चिंत दिसतो. 'डीएफ -आय' चा आकडा मोकळ्या जागेच्या शेजारीच ठेवावा. जागेच्या बाबतीतही शंभर टक्के भरण्याची वाट पाहू नये, कारण रांगेच्या डिस्कवरील मोकळी जागा मेलच्या कमाल आकाराच्या दीडपटीपेक्षा कमी झाली की पोस्टफिक्स ४५२ हा कोड देऊन नवे मेल नाकारू लागतो. कमाल आकार आपण ५० एमबी ठेवला असेल, तर ७५ एमबी जागा शिल्लक असतानाच दार बंद होते, आणि पोर्ट मात्र उघडेच दिसते. झॅबिक्समध्ये आताच्या वेगाने जागा किती तासांत संपेल याचा अंदाज देणारे फंक्शन आहे. ठरावीक टक्क्यांच्या अलर्टपेक्षा ते फार उपयोगी पडते.

दुसरा क्लॅमएव्ही. व्हायरसच्या खुणांचा संच मेमरीत ठेवायलाच त्याला एक जीबीहून अधिक मेमरी लागते, आणि नवा संच येतो तेव्हा जुना चालू ठेवून नवा चढवण्याची त्याची मूळ पद्धत असल्याने थोडा वेळ ही गरज जवळपास दुप्पट होते. चार जीबीच्या यंत्रावर नेमक्या त्याच वेळी गर्दी असेल, तर लिनक्स एखादी मोठी प्रोसेस मारून टाकतो. दर पाच मिनिटांनी घेतलेल्या मेमरीच्या नोंदीत हे शिखर दिसतही नाही. म्हणून कर्नलच्या लॉगमधील 'आउट ऑफ मेमरी' ही ओळ थेट पकडावी, आणि क्लॅमडीला (क्लॅमएव्हीच्या सतत चालणाऱ्या सेवेला) दर मिनिटाला पिंग पाठवून पाँग येते का ते पाहावे.

तिसरी गोष्ट डिस्कच्या प्रतिसादाची. पोस्टफिक्स मेल स्वीकारल्याची पावती देण्याआधी तो डिस्कवर खरोखर लिहून घेतो, त्यामुळे मेल सर्व्हर बहुतेक वेळा सीपीयूमुळे नव्हे तर डिस्कमुळे मंदावतो. सीपीयू १५ टक्क्यांवर आणि प्रत्येक लेखनाला लागणारा वेळ २०० मिलिसेकंदांवर, हे चित्र बॅकअप चालू असताना सर्रास दिसते. आयओस्टॅटमधला प्रतीक्षेचा आकडा नक्की नोंदवा.

यांतील आयनोड, ४५२ आणि क्लॅमडी यांवर अलर्ट असावा. बाकीच्यांचे केवळ आलेख असले तरी चालेल.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे त्या दिवसाचे जुने लॉग काढून पाहिले. अडकलेले जवळजवळ सर्व मेल एकाच मोठ्या मोफत मेलसेवेकडे जाणारे होते, आणि प्रत्येकापुढे ४२१ हा तात्पुरत्या नकाराचा कोड व आपल्याकडून येणाऱ्या मेलचा वेग जास्त आहे अशा अर्थाचा संदेश होता. त्याच वेळी इतर डोमेनकडे जाणारे मेल दोन-तीन सेकंदांत पोहोचत होते. सर्व्हरवर ताण नव्हताच, त्यामुळे झॅबिक्सला काही दिसण्याचे कारणच नव्हते, हे आता लक्षात आले.

यावरून आणखी काही शंका उपस्थित झाल्या. बाहेरच्या सेवांच्या लेखी आपली पत काय आहे, यावर स्वयंचलित लक्ष ठेवता येते का? आणि रात्रीचे अलर्ट कोणत्या मार्गाने पाठवावेत? सध्या झॅबिक्स आम्हाला मेल पाठवते. शिवाय माझ्या सहकाऱ्याने असे सुचवले आहे की, रांग वाढली की 'पोस्टक्यू -एफ' (रांगेतील सर्व मेल लगेच पुन्हा पाठवायला लावणारी आज्ञा) आपोआप चालेल अशी व्यवस्था करावी. ते योग्य होईल का?

प्रतिसाद: बंदरावरचा

शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण त्यात नुकसानीचा धोका आहे. 'पोस्टक्यू -एफ' आपोआप चालवू नये. ४२१ चा अर्थ सावकाश या असा असताना आपण अडकलेले सारे मेल एकदम पुन्हा त्याच दारावर नेऊन उभे केले, तर पलीकडची सेवा अधिक कडक होते आणि आपल्या सर्व्हरचा वेळ जुन्या मेलवर खर्च होऊन नवे मेलही मागे पडतात. पोस्टफिक्सची मूळ मांडणी पुन्हा प्रयत्न करण्याआधी किमान ३०० सेकंद आणि कमाल ४००० सेकंद थांबते आणि ५ दिवसांनी मेल परत पाठवते. हा संयम विचारपूर्वक ठरवलेला आहे. ४००० सेकंद म्हणजे जवळपास एक तास सात मिनिटे. थांबण्याचा काळ असा वाढत जात असल्याने बरेच प्रयत्न सलग फसले की तीन-चार तासांचा विलंब होतो, आणि आपल्याकडे तेच झाले असावे. उपाय करायचा तो वेगाच्या बाजूने करा. त्या सेवेकडे जाणाऱ्या मेलसाठी मास्टरच्या फाइलमध्ये वेगळा ट्रान्स्पोर्ट (पाठवणीची स्वतंत्र वाट) नेमून त्याच्या एकाच वेळच्या जोडण्या कमी ठेवा, आणि प्रवेशाची सामूहिक पत्रे एका दमात न सोडता टप्प्याटप्प्याने सोडा.

आपली पत कशी आहे, यावर लक्ष ठेवता येते. गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये आपले डोमेन नोंदवले की जीमेलवर आपल्या मेलना किती जण स्पॅम म्हणतात हे प्रमाण कळते. ते ०.१ टक्क्याखाली असावे आणि ०.३ टक्क्यापर्यंत कधीही जाऊ नये, असे गूगलचे सांगणे आहे. मात्र मेलची संख्या कमी असेल त्या दिवशी तिथे आकडे दिसत नाहीत, तेव्हा रिकामा आलेख म्हणजे सारे ठीक असे समजू नये. त्यापेक्षा तत्पर खूण आपल्याच लॉगमध्ये आहे. दर पाच मिनिटांत प्रत्येक मोठ्या डोमेनकडून आलेल्या ४ आणि ५ ने सुरू होणाऱ्या (तात्पुरत्या आणि कायमच्या नकाराच्या) कोडचे एकूण प्रयत्नांशी प्रमाण काढा. ते प्रमाण त्या दुपारी पहिल्या पंधरा मिनिटांतच बोलले असते.

काळ्या याद्यांच्या, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्यांच्या, तपासणीत एक सापळा आहे, तो सांगणे आवश्यक वाटते. स्पॅमहाउसची यादी गूगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारली, तर १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर येते. त्याचा अर्थ आपण यादीत आहात असा नसून या मार्गाने विचारू नका असा आहे. तपासणीची स्क्रिप्ट कोणत्याही उत्तराला होकार समजत असेल, तर मध्यरात्री विनाकारण धावपळ होईल. सर्व्हरवर अनबाउंडसारखा स्वतःचा रिझॉल्व्हर चालवावा आणि उत्तराचा नेमका आकडा वाचावा.

टीएलएस प्रमाणपत्राची मुदतही यातच घ्या. लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याची आठवण देणारे मेल जून २०२५ मध्ये बंद केले आहेत, त्यामुळे ती जबाबदारी पूर्णपणे आपली आहे. तपासणी डिस्कवरील फाइलची करू नये, तर ९९३ आणि ५८७ वर प्रत्यक्ष जोडून करावी, कारण नूतनीकरण होऊनही डव्हकॉट रीलोड झाला नसेल तर तो जुनेच प्रमाणपत्र दाखवत राहतो.

आता अलर्टचा मार्ग. मेल सर्व्हर बिघडल्याची बातमी त्याच मेल सर्व्हरमार्फत येणार असेल, तर ती येणार नाही. टेलिग्रामचा बॉट सर्वांत सोपा पडतो. एसएमएस हवा असेल तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेवर संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि संदेशाच्या साच्याची नोंदणी करावी लागते. त्यात वेळ जातो, म्हणून प्रवेशाचा हंगाम सुरू होण्याच्या पुष्कळ आधी अर्ज करा. साच्यात बदलता मजकूर फार ठेवता येत नाही, त्यामुळे 'सर्व्हर अमुक, बिघाड तमुक' एवढाच छोटा साचा घ्यावा. आणखी महत्त्वाचे म्हणजे झॅबिक्स स्वतः बंद पडले तर काय, याची सोय. बाहेरच्या ज्या सर्व्हरवरून आपण मेलची फेरी मोजणार आहात, त्याच्याकडे झॅबिक्सने दर मिनिटाला एक खूण पाठवावी आणि ती पाच मिनिटे आली नाही तर त्या बाहेरच्या सर्व्हरने आपल्याला स्वतंत्रपणे कळवावे. झॅबिक्सच्या बाजूनेही फेरीच्या आकड्यावर नोडेटा हे फंक्शन लावा, म्हणजे मोजणारी स्क्रिप्टच थांबली तर ते शांततेत खपून जाणार नाही.

मर्यादा कुणाकडून उसन्या घेऊ नयेत. आधी काही आठवडे केवळ आकडे जमू द्या, त्यात सामूहिक पत्रांचा एखादा दिवस येऊ द्या, आणि मग ठरवा. झोपेतून उठवणारे अलर्ट माझ्या मते तीनच असावेत: कोणत्याही दिशेची फेरी सलग तीनदा फसली, एखाद्या मोठ्या डोमेनचे नकार दहा मिनिटांहून अधिक काळ चढे राहिले, किंवा रांगेची डिस्क व आयनोड काही तासांत संपणार आहेत. बाकी सर्व सकाळी कार्यालयात पाहता येते.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

फारच नेमके उत्तर मिळाले. वेगळा ट्रान्स्पोर्ट आणि 'पोस्टक्यू -जे' ची स्क्रिप्ट या आठवड्यात बसवतो. एकच विचारायचे राहिले: खरा बिघाड होण्याची वाट न पाहता हे अलर्ट चालतात की नाही, हे कसे तपासावे?

प्रतिसाद: घाटमाथा

सुटीच्या दिवशी सकाळी पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये 'डिफर ट्रान्स्पोर्ट्स' या पर्यायापुढे एसएमटीपी लिहून रीलोड करा. आपण नेमत असलेल्या नव्या ट्रान्स्पोर्टचे नावही त्याच ओळीत घाला, अन्यथा त्या सेवेकडे जाणारे मेल सुरूच राहतील. यामुळे बाहेर जाणारा प्रत्येक मेल न हरवता डिफर्डमध्ये जाऊन थांबतो, आत येणारे मेल नेहमीसारखे चालू राहतात, आणि सर्वांत जुन्या मेलचे वय व बाहेरची फेरी हे दोन्ही अलर्ट ठरल्या वेळी वाजायला हवेत. दोघांच्याही फोनवर संदेश आल्याची खात्री झाली की ती ओळ काढून पुन्हा रीलोड करा. या वेळी थांबलेले मेल आपणच थांबवलेले आणि मोजके असल्याने 'पोस्टक्यू -एफ' एकदा हाताने चालवायला हरकत नाही. त्यानंतर रांगेचे वय शून्यावर येताना अलर्ट मिटल्याचा संदेशही येतो का, ते पाहा. क्लॅमडी थांबवूनही हीच तपासणी एकदा करा, कारण तो बंद असताना आपला आरस्पॅमडी मेल तपासल्याविना आत सोडतो की रोखून धरतो, हे आपल्या मांडणीवर अवलंबून आहे आणि ते आपल्याला आधीच ठाऊक असायला हवे.

प्रवेशाची पत्रे सुटण्याच्या आदल्या आठवड्यात ही तालीम पुन्हा करावी, आणि त्या वेळी अलर्ट घेणारा फोन सहकाऱ्याचा असावा.